पोटरीतल्या चार बंद खोल्या
ओळख देहाची : लेखांक 12

जुलैमध्ये देगलूरच्या शिवारात सोयाबीन वीतभर वाढलं की खुरपणीला बाया लागतात. सकाळी पात धरून बसलेली बाई दुपारच्या भाकरीपर्यंत उकिडवीच पुढे सरकत असते. कधीतरी एखादीला उठताना पायाला मुंग्या येतात. ती पाय झटकते, चार पावलं टाकते, मुंग्या जातात. पण पाऊल काही वर उचलत नाही. चपलेचं टोक मातीत घासत राहतं. घरातलं कुणीतरी म्हणतं, शीर दबली असेल.

निदान बरोबर आहे. अडचण आहे ती शब्दाची. रक्त काढताना सुई खुपसतात ती शीर, टाचेच्या वर दोरखंडासारखी हाताला लागते ती शीर आणि दबली की मुंग्या येतात तीही शीर. पहिली रक्तवाहिनी, दुसरी स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा आणि तिसरी मज्जातंतू. तिघींची कामं वेगळी, दुखणी वेगळी, उपायही वेगळे. गुडघ्यापासून घोट्यापर्यंतच्या हातभर जागेत तिघी इतक्या दाटीनं राहतात, की हा घोळ निस्तरायला याहून सोयीचा अवयव नाही.

आधी त्या बाईच्या पायाचं बघू. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, थोडं खाली, बोटांना हाडाचा एक गोटा लागतो. नडगीच्या जाड हाडाशेजारी असलेल्या बारीक हाडाचं, म्हणजे फिब्युलाचं, ते डोकं. त्याच्या खालच्या मानेला वळसा घालून कॉमन पेरोनिअल नावाचा मज्जातंतू पुढे येतो. तिथे त्याच्यावर कातडी आणि थोडीशी चरबी, बस्स. एवढा महत्त्वाचा तंतू इतक्या उघड्यावर ठेवणं ही शरीररचनेतली सरळसरळ ढिलाई म्हणावी लागेल. तासन् तास उकिडवं बसलं की तो तिथे दबतो आणि ताणलाही जातो. पाश्चात्त्य वैद्यकात या दुखण्याला स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या मजुरांचं नाव मिळालं आहे. सोयाबीन खुरपणाऱ्या बायांचं नाव द्यायला तिथे कुणी नव्हतं. बसण्याची ढब बदलली तर पाऊल बहुतेक वेळा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत उचलू लागतं. घट्ट प्लास्टरनं किंवा पायावर पाय टाकून बसण्याच्या सवयीनंही हाच तंतू दबतो.

पण एका तंतूनं पाऊल का लुळं पडावं? त्यासाठी आत शिरायला हवं. मटण निवडताना मांसावर पांढरा, चिवट पडदा दिसतो. तसाच, पण कितीतरी दणकट पडदा नडगी-पोटरीभोवती पायमोज्यासारखा घट्ट बसलेला असतो. त्याच्या आतल्या भिंती आणि दोन हाडांमधला पडदा मिळून चार बंद खोल्या होतात. पुढच्या खोलीत पाऊल आणि बोटं वर उचलणारे स्नायू राहतात. बाहेरच्या अंगाच्या खोलीतले दोन स्नायू पाऊल बाहेर वळवतात. मागच्या वरवरच्या खोलीत पोटरीचे धिप्पाड स्नायू आहेत आणि त्यांच्या आत, हाडांना चिकटून, खोल खोलीत बोटं वाकवणारे आणि पाऊल आत वळवणारे. तो उघड्यावरचा तंतू मानेपाशीच दुभंगतो. एक फाटा पुढच्या खोलीला, दुसरा बाहेरच्या खोलीला जातो. मागच्या दोन्ही खोल्यांचा कारभार टिबिअल या वेगळ्या तंतूकडे. म्हणून त्या बाईला टाच उचलून चवड्यावर उभं राहता येतं, पण चवडा उचलून टाचेवर चालता येत नाही.

पोटरीच्या मोठ्या स्नायूचं वैद्यकीय नाव गॅस्ट्रोक्नेमिअस. ग्रीकमधला त्याचा अर्थ पायाचं पोट. मराठीच्या पोटरीतही पोट ऐकू येतंच. त्याच्या खालचा सोलिअस आणि तो मिळून टाचेची जाड कंडरा बनवतात. या दोघांमध्ये प्लँटारिस नावाचा एक पिटुकला स्नायू आहे; काही माणसांत तो नसतोच आणि त्यांचं काही अडत नाही. त्याची कंडरा लांब, पांढरी, सुतळीसारखी. शवविच्छेदनाच्या टेबलावर वैद्यकीयचे नवे विद्यार्थी तिला हमखास मज्जातंतू समजतात. शिरेचा घोळ फक्त गावात होतो असं नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर जिल्ह्यात किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावं गाढ झोपेत. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. हजारो माणसं गेली. अशा ढिगाऱ्याखाली पाय तासन् तास चेपून राहतो तेव्हा या चार खोल्यांचा खरा स्वभाव कळतो. चेमटलेला स्नायू सुजतो, पण पडदा तसूभरही फुगत नाही. खोलीतला दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या मिटतात, स्नायूला रक्त मिळत नाही, तो आणखी सुजतो. साधारण सहा तासांत स्नायू कायमचा जायला लागतो. 1941 मध्ये लंडनवरच्या बॉम्बवर्षावात ढिगाऱ्यातून काढलेल्या माणसांचा अभ्यास करून एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील यांनी पुढची कडी जोडली: पाय मोकळा झाला की मेलेल्या स्नायूतली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं बंद पडतात.

फसवी गोष्ट अशी, की घोट्याजवळची नाडी अनेकदा लागत असते. मोठ्या धमनीत रक्त वाहतं, खोलीतला स्नायू मात्र उपाशी. खूण नाडीत शोधायची नसते, दुखण्यात शोधायची असते. इजेच्या मानानं कितीतरी जास्त वेदना आणि पायाची बोटं दुसऱ्यानं हळूच हलवली तरी किंकाळी. पुढच्या खोलीवर ताण आला तर आणखी एक खूण मिळते. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात, हवाई चपलेचा पट्टा बसतो नेमक्या त्या जागी, बधिरपणा येतो. तेवढ्याच कातडीची खबर पुढच्या खोलीतला तंतू नेतो. उपाय एकच, शल्यचिकित्सकानं पडदा लांबवर चिरून खोल्या उघडायच्या.

यासाठी भूकंपच लागतो असं नाही. नडगी मोडल्यावर गावात करकचून बांधलेल्या बांबूच्या कामट्याही तेच करतात. साप चावल्यावर मांडीला आवळलेली दोरी तर दुहेरी नुकसान करते. शेतात दंश बहुधा पायालाच होतो. घोणस किंवा फुरसं असेल तर पाय भराभर सुजतो आणि वरून दोरी. देगलूरच्या शेजारी मुखेडला डॉ. दिलीप पुंडे यांनी सर्पदंशाच्या रुग्णांसाठी वर्षानुवर्षं काम केलं आहे. या भागात तरी दोरीची सवय सुटायला हवी. पाय न हलवता दवाखाना गाठायचा, एवढंच.

आता जरा वारीत जाऊ. देगलूरचं नाव वारकऱ्यांच्या तोंडी आहे ते धुंडा महाराज देगलूरकरांच्या कीर्तनपरंपरेमुळे. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या पावलांतलं रक्त हृदयाकडे वर चढतं ते पोटरीच्या बळावर. सोलिअसच्या आत रक्तानं भरलेल्या नीला, म्हणजे हृदयाकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या, असतात. पाऊल पडलं की स्नायू आवळतो, बाहेरचा घट्ट पडदा त्याला पसरू देत नाही आणि रक्त वर ढकललं जातं. नीलांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. जो पडदा किल्लारीत वैरी होतो, तोच इथे पंपाची भिंत. कीर्तनात मागे उभे असलेले टाळकरी पावली खेळतात तेव्हा हा पंप आपसूक चालतो. संचलनात ताठ उभा राहिलेला पोलीस मात्र कधी कधी भोवळ येऊन पडतो. दिवसभर एका जागी उभं राहणारे न्हावी आणि हॉटेलातले आचारी यांच्या पायांवर निळ्या, वेटोळ्या नीला फुगून दिसतात, त्याही झडपा निकामी झाल्यानं.

यातली सगळ्यांत लांब नीला आतल्या घोट्याच्या पुढून निघून जांघेपर्यंत जाते. 1967 मध्ये क्लीव्हलंडला रेने फावालोरो यांनी ती हृदयाच्या बायपाससाठी वापरली आणि पुढे ती पद्धत जगभर रुळली. झडपांमुळे ती उलटी करून जोडावी लागते. नडगीच्या आतल्या बाजूला तिच्यालगत एक मज्जातंतू चालतो. म्हणून बायपास झालेल्या अनेकांना तिथे बधिर वाटतं. काळजीचं कारण नसतं, दोन वेगळ्या 'शिरा' शेजारी राहतात इतकंच.

फिब्युलाच्या मानेवरच्या त्या उघड्या तंतूकडे परत येऊ, कारण खुरपणीपेक्षा मोठा शत्रू त्याला आहे. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीराचा थंड भाग मानवतो आणि कातडीलगतचा हा तंतू त्याला आयता सापडतो. तंतू दोरीसारखा जाड होतो आणि पाऊल कायमचं लोंबतं. मुंबईत डॉ. नोशीर अंतिया यांच्यासारख्या शल्यविशारदांनी कुष्ठरुग्णांच्या अशा विकृती सुधारण्यात आयुष्य घातलं. लोंबत्या पावलासाठीची शस्त्रक्रिया चार खोल्यांचा नकाशा डोक्यात असल्याशिवाय सुचलीच नसती. मागच्या खोल खोलीत टिबिआलिस पोस्टिरिअर नावाचा स्नायू आहे. कुष्ठरोग मागच्या तंतूलाही गाठतो, पण बहुधा घोट्यापाशी. या स्नायूची फांदी त्याच्या बरीच वर सुटलेली असते, म्हणून तो वाचतो. मग त्याची कंडरा पावलाजवळ सोडवून पुढे आणतात आणि पावलाच्या पाठीवर शिवतात. पाऊल आत वळवणारा स्नायू पाऊल उचलायला लागतो. रुग्णाला सुरुवातीला सांगतात, पाऊल आत वळव; तो वळवायला जातो आणि पाऊल वर येतं. काही आठवड्यांच्या सरावानं मेंदू हा नवा हिशेब शिकतो.

कातडीवर फिकट, बधिर चट्टा असेल, किंवा चालताना चप्पल पायातून निसटलेली कळत नसेल, तर शीर दबली म्हणून चोळत बसू नये. कुष्ठरोगाची तपासणी आणि औषधं प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात आणि तंतू मरायच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर शस्त्रक्रियेची वेळ सहसा येत नाही.

(पुढील लेखांकात : तळपायाची 26 हाडं)