मासा दहा किलोचा, तंगूस चार किलोचा

धरणाच्या काठावर कोणी नवा रॉड घेऊन उभा राहिला की शेजारून सल्ला आलाच: "दादा, एवढ्या बारीक तंगुसावर काय लागणार? कटला एका झटक्यात तोडून नेईल." दुकानदाराचंही तेच मत. तो हलक्या सात फुटी रॉडच्या रिळावर अर्धा मिलिमीटर जाडीचा तंगूस भरून देतो. मग दिवसभर फेकाफेक चालते आणि गळ दहा पावलांपलीकडे जात नाही.

हा हिशेबच मुळात चुकीचा आहे. वेष्टनावरचे '४ किलो' म्हणजे एवढ्या वजनाचा मासा पेलेल असं नव्हे. एवढ्या ताणाला तंगूस तुटतो, इतकंच. पाण्यातल्या माशाचं वजन पाणीच पेलतं. रोहू-कटल्याच्या पोटात हवेची पिशवी असते, त्यामुळे तो जवळजवळ तरंगतच असतो. आपल्या वाट्याला येते ती त्याची ओढ, आणि ती तंगुसावर किती येऊ द्यायची हे रिळाचा ड्रॅग ठरवतो. ठरल्यापेक्षा ताण वाढला की रीळ सरकतं, तंगूस सुटत जातो. ड्रॅग तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवायचा. म्हणजे ४ किलोच्या तंगुसाला साधारण एक ते सव्वा किलो. बॅगा तोलायचा आकड्याचा काटा यासाठी पुरतो.

पटत नसेल तर पाण्याची भरलेली लिटरची बाटली तंगुसाला बांधा आणि रॉडने जमिनीवरून उचलून बघा. रॉडची कमान होते, मनगट भरून येतं, आणि ओझं अवघं एक किलो! या रॉडवर पंधरा किलो ताकदीचा तंगूस भरून मिळवलं काय? ती ताकद वापरायची वेळ येण्याआधीच रॉड मोडेल.

तरीही दुकानदारच खरा वाटत असेल, तर १९३९ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनकडे बघा. तंगुसाच्या ताकदीनुसार तिथे वेगवेगळे विक्रम नोंदवतात, आणि तंगूस ओला करून तपासतात, कारण पाणी प्यायलेला नायलॉन थोडा कमजोर होतो. तंगुसाच्या ताकदीच्या पाच, दहा, पंधरा, अगदी वीसपट वजनाचा मासा पकडणाऱ्यांसाठी त्यांचे खास क्लब आहेत.

मग तंगूस तुटतो कुठे? बहुतेक वेळा गाठीपाशी. गाठ कोरडीच आवळली की घर्षणाने नायलॉन तापतो आणि तिथला भाग कुरळा पडतो. थुंकी लावा, मग सावकाश आवळा. खडकावर घासलेला हातभर तुकडा कापून टाका. मासा लांब पळून रीळ अर्धं रिकामं झालं, तर ड्रॅग थोडा सैल करा. गुंडाळी लहान झाली की तोच ड्रॅग जास्त ताण देतो.

जलपर्णीतली मरळ किंवा बुडालेल्या बाभळींची खोडं असतील तिथे मात्र जाड, विणलेली दोरीच हवी. तिथे मासा खेळवायला जागाच नसते, ओढूनच काढावा लागतो. आणि बारीक तंगुसाचीही फुशारकी नको: सोडून द्यायचा महसीर उगाच अर्धा तास दमवला, तर तो पोहून गेला तरी जगेलच असं नाही.

आता बाकीचे गैरसमज. फ्लोरोकार्बन पाण्यात अदृश्य होतो? नाही. त्याचा अपवर्तनांक १.४२, पाण्याचा १.३३, नायलॉनपेक्षा कमी दिसतो, एवढंच. ताठ रॉड म्हणजे दणकट रॉड? बारीक तंगुसाला तोच घातक, कारण माशाचा झटका तो स्वतः सोसत नाही. बेअरिंग जास्त म्हणून रीळ चांगलं? बेअरिंग मोजण्यापेक्षा ड्रॅग अडखळतो का ते दुकानातच ओढून बघा. मासा काठाशी आल्यावर रॉड उभा धरला की जोर वाढतो? उलट सगळा भार एकट्या टोकावर येतो आणि कितीतरी रॉड नेमके तेव्हाच मोडतात. आणि 'कार्बनच्या रॉडला विजेचं काय भय' म्हणणाऱ्यांनी नीट ऐकावं: कार्बनमधून वीज वाहते. ढग गडगडायला लागले की रॉड खाली ठेवून काठापासून दूर व्हा, आणि विजेच्या तारांखाली गळ फेकूच नका.