दहा तारखेचा शिरस्ता : जर्मनीत स्वतःचं काम करणाऱ्या आपल्या मुलांचे कर

आजचा विषय तुमच्याच पत्रांतून आला आहे. बेळगाव, इंदूर, नाशिक, बडोदा, पत्रं कुठूनही येवोत, प्रश्न साधारण एकच असतो. "मुलगी जर्मनीत नोकरी करत होती. आता नोकरी सोडून स्वतःचं काम करते. दर महिन्याला कर भरावा लागतो म्हणते, हाती किती उरतं ते तिलाही नीट सांगता येत नाही. आम्ही काय समजायचं?"

मी राहतो देवनहळ्ळीत, बेंगळुरूच्या विमानतळाच्या अंगणातच म्हणा ना. आमच्या वसाहतीत आठवड्याला कुणाचा ना कुणाचा मुलगा बॅगा घेऊन निघालेला असतो. कुठे राहणार, काय खाणार, थंडीचं काय, सगळी चौकशी होते. कराची चौकशी कुणी करत नाही. म्हणून आज फक्त जर्मनीपुरतं बोलू, कारण तिथली पद्धत मला जवळून पाहायला मिळाली आहे.

आधी नोकरी आणि स्वतंत्र काम यातला फरक समजून घ्या. नोकरीत मालक पगारातूनच कर कापतो, आरोग्यविमा कापतो, पेन्शनची वर्गणी कापतो आणि विम्याचा, पेन्शनचा जवळपास निम्मा वाटा स्वतः भरतो. हातात येतं ते आपलं. स्वतंत्र काम सुरू केलं की कुणी काही कापत नाही. बिलाची पूर्ण रक्कम खात्यात जमा होते, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. खात्यात दिसणाऱ्या पैशाचे तीन वाटेकरी आधीच ठरलेले असतात. व्हॅट सरकारचा, आयकर सरकारचा आणि विम्याचा हप्ता विमा संस्थेचा. उरेल तो आपला.

त्याच्याही आधी एक गोष्ट. रहिवासी परवान्यावर काय लिहिलंय ते वाचा. नोकरीसाठी परवाना मिळालेल्या माणसाला आपणहून बाजूचं काम सुरू करता येत नाही. परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून परवानगी घ्यावी लागते. ती नसेल तर पुढचं काहीच बोलायला नको.

परवानगी असेल तर पहिला कागद जातो फिनान्झआम्टकडे, म्हणजे तिथल्या कर कार्यालयाकडे. काम सुरू केल्यापासून महिन्याच्या आत, 'एल्स्टर' नावाच्या सरकारी पोर्टलवर, एक लांबलचक प्रश्नावली भरायची असते. तिच्यावरून व्यवसायाचा करक्रमांक मिळतो. त्याला काही आठवडे लागतात, आणि तो नसला तर रीतसर बिल पाठवता येत नाही. जर्मनीत पत्ता नोंदवला की जो अकरा आकडी क्रमांक पोस्टाने घरी येतो तो वेगळा. तो जन्मभराचा असतो, पण बिलावर चालत नाही. या दोघांत गल्लत फार होते.

प्रश्नावलीत दोन ठिकाणी थांबून विचार करायला हवा.

पहिलं ठिकाण, कामाचा प्रकार. जर्मन कायदा स्वतंत्र काम करणाऱ्यांचे दोन गट करतो. शिक्षक, अभियंता, अनुवादक, लेखक, कलाकार, डॉक्टर हे 'फ्रायबेरूफ्लर', आपल्या भाषेत स्वतंत्र व्यावसायिक. बाकीचे 'गेवेर्ब', म्हणजे धंदा. घरून मसाले आणि लोणची विकणारी, डबे पुरवणारी, पैठण्या मागवून विकणारी आपली मंडळी धंद्यात मोडतात. त्यांना नगरपालिकेकडे वेगळी नोंदणी करावी लागते आणि वर्षाचा नफा २४,५०० युरोच्या वर गेला की त्यावर धंदा-कर लागतो. सॉफ्टवेअरवाल्यांचं काम मधल्या पट्ट्यात येतं. अभियंत्याच्या तोडीचं असेल तर पहिला गट, नाहीतर दुसरा. त्यावर तिथे कोर्टकज्जे झालेले आहेत, तेव्हा आपण काय करतो याचं वर्णन मोघम लिहू नये.

शिकवणाऱ्यांसाठी इथे एक खड्डा आहे. योग, भाषा, गाणं, कथक असं काही स्वतंत्रपणे शिकवत असाल आणि हाताखाली कुणी नोकर नसेल, तर सरकारी पेन्शन योजनेची वर्गणी सक्तीची आहे. दर १८.६ टक्के. हे कुणी घरी येऊन सांगत नाही. उशिरा लक्षात आलं की मागच्या वर्षांची वसुली होते. मात्र कला शिकवणारे आणि सादर करणारे यांच्यासाठी कलाकारांची एक सामाजिक निधी संस्था १९८३पासून चालू आहे. तिथे सदस्यत्व मिळालं तर विमा आणि पेन्शनचा साधारण निम्मा भार ती संस्था उचलते. गाण्याचे, नृत्याचे वर्ग घेणाऱ्या मराठी मुलींनी आधी तिथे चौकशी करावी.

दुसरं ठिकाण म्हणजे 'या वर्षी अंदाजे नफा किती होईल?' हा रकाना. आजचं सगळं भाषण मी या एका रकान्यासाठी करतो आहे, असं समजा. त्याच आकड्यावरून फिनान्झआम्ट आयकराचे आगाऊ हप्ते ठरवतं. ते भरायच्या तारखा १० मार्च, १० जून, १० सप्टेंबर आणि १० डिसेंबर. तिथे शून्य किंवा किरकोळ आकडा लिहिला की हप्ते लागत नाहीत. मुलांना वाटतं, चला, बरं झालं.

हिशोब मांडून बघू. समजा, एक मुलगी म्युनिकमध्ये जानेवारीपासून महिन्याला ४,५०० युरोचं काम करते. वर्षाचे ५४,०००. भाडं, प्रवास, संगणक वगैरे व्यवसायाचा खर्च ६,००० धरला तर नफा ४८,०००. तिने नफ्याचा अंदाज कर कार्यालयालाही नगण्य सांगितला आणि विमा संस्थेलाही. विम्याचा किमान हप्ता महिना अडीचशे युरोच्या थोडा पुढे, म्हणजे वर्षाचे तीन हजारांवर. तेवढे तिने भरले. दुसऱ्या वर्षी जुलैअखेर तिने पहिलं आयकर विवरण दिलं. शरद ऋतूत निर्णयपत्र आलं : आयकर जवळपास नऊ हजार युरो. त्या पत्राची प्रत विमा संस्थेकडे गेली. सरकारी योजनेत आरोग्य आणि शुश्रूषा विमा मिळून नफ्याचा जवळपास पाचवा हिस्सा जातो, म्हणजे साडेनऊ हजार. भरलेले तीन वजा जाऊन आणखी साडेसहा हजार. झाले साडेपंधरा हजार. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर साडेपंधरा लाख रुपये, काही आठवड्यांत. आणि एवढ्यावर थांबत नाही. आता खरा नफा कळला म्हणून चालू वर्षाचे आगाऊ हप्तेही त्याच पत्रासोबत सुरू होतात.

कर पहिल्या वर्षाचाच असतो, फक्त मागणी दुसऱ्या वर्षी येते. तोवर त्या पैशातून गाडीचं डाउन पेमेंट झालेलं असतं, आईवडिलांची युरोप सहल झालेली असते. मग पुण्याला फोन जातो. रहिवासी परवान्याच्या नूतनीकरणातही उत्पन्नाचे आणि कराचे कागद मागितले जातात, त्यामुळे थकबाकी हा नुसता पैशाचा प्रश्न राहत नाही.

म्हणून अंदाज खरा लिहा. वर्षात काम कमी झालं तर हप्ते कमी करून मिळतात, साधा अर्ज पुरतो. विमा संस्थेलाही तेच कळवा. आणि बिल जमा झालं की त्याच दिवशी व्हॅट पूर्ण आणि उरलेल्याच्या चाळीस ते पंचेचाळीस टक्के दुसऱ्या खात्यात टाका. हा आकडा माझा, सावध माणसाचा. काही उरलं तर वर्षअखेर आपलंच आहे.

आता दरमहाचा भाग, म्हणजे व्हॅट. दर बहुतेक सेवांना १९ टक्के. आपल्या मुलीचं बिल ४,५०० अधिक ८५५, एकूण ५,३५५ युरो. हे ८५५ तिचे कधीच नव्हते, ती फक्त जमा करणारी. त्या महिन्यात तिने व्यवसायासाठी १,१९० युरोचा लॅपटॉप घेतला, तर त्यातला १९० युरो व्हॅट वजा होतो आणि ६६५ भरायचे राहतात. विवरण आणि पैसे, दोन्ही पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत. वर्षाचा भरणा ९,००० युरोच्या वर असेल तर पुढच्या वर्षी दरमहा, खाली असेल तर तिमाही. नव्याने सुरू करणाऱ्यांवर पूर्वी पहिली दोन वर्षं दरमहाची सक्ती होती. २०२१ ते २०२६ या काळासाठी ती सैल केली आहे, त्यांचं स्वतःच्या अंदाजावर ठरतं.

छोट्यांना व्हॅटमधून सूट आहे. २०२५पासून मर्यादा अशी, मागच्या वर्षाची उलाढाल २५,००० युरोपर्यंत आणि चालू वर्षाची १ लाखापर्यंत. पण ज्या वर्षी काम सुरू केलं त्या वर्षी २५,००० हीच मर्यादा. आपल्या मुलीची पाच बिलं झाली २२,५००. सहाव्या बिलाला ती २७,००० वर जाते, आणि त्या सहाव्या बिलापासूनच व्हॅट लावावा लागतो. न लावता बिल दिलं, तरी सरकार त्या रकमेतून आपला हिस्सा मागतंच. ग्राहक भारतातली किंवा अमेरिकेतली कंपनी असेल तर साधारणपणे जर्मन व्हॅट लागत नाही. युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशातली कंपनी असेल तर व्हॅट ती भरते, पण त्याची वेगळी यादी द्यावी लागते.

फौजेत आमच्याकडे 'रिपोर्ट्स अँड रिटर्न्स'चा तक्ता असायचा. कुठला कागद कुठल्या तारखेला कुठे पोचायचा, हे त्यात लिहिलेलं. कळवण्यासारखं काही नसलं तर 'निल रिपोर्ट' जायचा, पण कागद जायचाच. नव्या सेकंड लेफ्टनंटला हे विचित्र वाटायचं. जर्मन कर कार्यालयाचं अगदी तसंच आहे. महिनाभर एकही बिल निघालं नाही, तरी दरमहावाल्याने शून्याचं विवरण पाठवायचं. न पाठवलं तर कार्यालय स्वतः अंदाज बांधतं, आणि तो आपल्या सोयीचा नसतो. भरणा उशिरा झाला तर सुरू झालेल्या प्रत्येक महिन्याला एक टक्का दंड. कार्यालयाला खात्यातून थेट रक्कम काढायची परवानगी देऊन ठेवली तर निदान भरण्याची तारीख चुकत नाही. विवरण मात्र स्वतः पाठवावंच लागतं. दहा तारीख व्हॅटची, पंधरा तारीख विम्याच्या हप्त्याची, एवढं भिंतीवर लिहून ठेवा.

आता आपल्या बाजूचं थोडक्यात. परदेशी कामधंद्यासाठी गेलेल्याचं इथलं बचत खातं एनआरओ करून घ्यायचं. जुनं तसंच चालू ठेवणं नियमात बसत नाही. इथल्या घराचं भाडं, ठेवीचं व्याज यावर इथे कर लागतो. जर्मनीचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. कामासाठी देश सोडणाऱ्या भारतीयाचे त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस भरले नाहीत, तर तो त्या वर्षी अनिवासी. म्हणजे ऑगस्टमध्ये गेलेला मुलगा अनिवासी, आणि जानेवारीत गेलेला मार्चअखेरपर्यंत निवासीच. त्या तीन महिन्यांची जर्मन कमाई इथल्या विवरणात दाखवावी लागते. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, त्यामुळे तिथे भरलेल्या कराची वजावट मिळते. पण ती मागावी लागते, आणि तिथे कर भरल्याचे कागद जोडावे लागतात.

शेवटचा मुद्दा सुट्टीचा. गणपतीला मुलं येतात, महिना-दीड महिना इथूनच काम करतात. विवरण इथूनही भरता येतं. एल्स्टरची प्रमाणपत्राची फाइल आणि पासवर्ड जवळ असला की झालं. पण सक्रिय करण्याचा कोड पोस्टाने जर्मन पत्त्यावरच येतो, तेव्हा ते काम निघण्याआधी उरकायचं. आणि पत्रपेटीवर स्वतःचं आडनाव लावायचं. भागीदारीच्या घरात राहणारी मुलं हे टाळतात, मग पोस्टमन पत्र परत नेतो. कर कार्यालयाचं निर्णयपत्र २०२५पासून टपालात टाकल्याच्या चौथ्या दिवशी मिळालं असं धरलं जातं. तिथून एक महिना हरकत घ्यायला. आपण इथे मोदक खात असताना तो महिना तिथे सरतो. सप्टेंबरमध्ये येणार असाल तर पेटीची किल्ली विश्वासातल्या माणसाकडे द्या, त्याला लिफाफ्याचा फोटो पाठवायला सांगा. करसल्लागार नेमला असेल तर पत्रं थेट त्याच्याकडे जातील अशी नोंद करून घ्या. सल्लागारामार्फत वार्षिक विवरण द्यायला मुदतही जास्त मिळते, जुलैऐवजी त्यापुढच्या फेब्रुवारीअखेरपर्यंत.