‘आठवीपर्यंत ढकलपास’ : समज किती, कायदा काय

लालबाग-परळच्या चाळीत शाळेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘आता काय, आठवीपर्यंत ढकलपासच!’ हे आज खरं नाही, आणि पूर्वीही पुरतं खरं नव्हतं.

आधी आजचं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. त्याच्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला मागच्या वर्गात ठेवता येत नव्हतं. २०१९ च्या दुरुस्तीनं पाचवी आणि आठवीपुरती मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये नियम बदलले आणि २०२३-२४ पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा आली. नापास झालेल्या मुलाला पूरक मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षा मिळते. तिथंही अडलं तर मूल त्याच वर्गात राहतं. आठवीपर्यंतच्या बाकीच्या इयत्तांत मात्र आजही कुणाला मागे ठेवता येत नाही. आणि नापास मुलाचा दाखला हातात देऊन त्याला घरी पाठवता येईल, असं समजू नका. आठवी होईपर्यंत शाळेतून काढायला कायद्याची बंदी कायम आहे.

दुसरा समज जास्त खोल रुजलेला आहे : कुणाला मागे न ठेवण्याच्या त्या काळात परीक्षाच बंद झाल्या होत्या. २०१० च्या राज्याच्या मूल्यमापन योजनेत पहिली-दुसरीला ७० टक्के भार वर्षभराच्या आकारिक नोंदींवर होता, तर सातवी-आठवीला ६० टक्के भार सत्राअखेरच्या संकलित मूल्यमापनावर, म्हणजे लेखी-तोंडी परीक्षेवर. श्रेणी अ-१ पासून इ-२ पर्यंत. क-२ च्या खाली राहिलेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन निदान क-२ पर्यंत आणायचं, अशी जबाबदारी शाळेवर होती. मुलाची पातळी पाहून जादा शिकवणं हे तर कलम २४ नुसार शिक्षकाचं कर्तव्यच आहे.

माझं भांडण इथं आहे. ‘नापास करू नका’ याला एक रुपया लागत नाही, म्हणून ते दुसऱ्या दिवसापासून अमलात आलं. ‘मागे पडलेल्याला शिकवा’ याला वेळ आणि माणसं लागतात. कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक सांगितला, पण त्याच शिक्षकाला जनगणना आणि निवडणुकीच्या कामाला नेण्याची वाटही मोकळी ठेवली. जादा तास बुडाले, नोंदवहीचे रकाने भरत राहिले, आणि दोष सगळा ‘ढकलपास’वर आला.

‘नापास झाला की शहाणा होतो’ हेही मला पटत नाही. गिरणगावातल्या घरांत विचारून पाहा. एकदा-दोनदा नापास झालेला मुलगा शाळेत परतलाच नाही आणि मिळेल त्या कामाला लागला, असा एखादा मामा-काका बहुतेक घरांत सापडतो. न आलेला भागाकार त्याच बाकावर आणखी एक वर्ष बसवून येत नाही. तो कुणीतरी समोर बसून शिकवावा लागतो.

म्हणून आता पालकांनी मे महिना सांभाळावा. पुनर्परीक्षा निकालानंतर दोन महिन्यांत, म्हणजे बहुधा जूनमध्ये असते, आणि तिच्या तयारीच्या मे महिन्यातच नेमकी आपली घरं कोकणात गावाला गेलेली असतात. गाडीची तिकिटं काढण्याआधी शाळेत जाऊन विचारा : पूरक वर्ग कोणत्या तारखांना, कोणत्या विषयाचे, आणि शिकवणार कोण?