स्वस्तातला फॉरवर्ड : डाग घडीचा की विणीचा?

हॉकी म्हटली की आपल्या वाचकांना मोहम्मद शाहिद, जफर इक्बाल आणि खडकीचे धनराज पिल्ले आठवतात. आज आम्ही लिहीत आहोत ती हॉकी ही नव्हे. ती बर्फावर, पात्याचे बूट घालून, रबराच्या चकतीने खेळली जाते, आणि तिचा सर्वांत मोठा बाजार म्हणजे अमेरिका-कॅनडातील नॅशनल हॉकी लीग. बाजार हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. या लीगमध्ये ३२ संघ आहेत, म्हणजे ३२ पेढ्याच समजा. त्यांच्यात एक सौदा वर्षानुवर्षे चालत आला आहे. एका पेढीकडे पडून राहिलेला तरुण फॉरवर्ड, म्हणजे गोल करणे ज्याचे मुख्य काम तो आघाडीचा खेळाडू, दुसरी पेढी अगदी कमी मोलात उचलते. कधी तोच पुढे नाव काढतो, पुष्कळदा काढत नाही. पडून राहिलेल्या मालाचा सौदा आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी केलेला असल्यामुळे हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे.

प्रथम बाजाराचे कायदे पाहू. मुलगा १८ वर्षांचा झाला की संघ आपापल्या पाळीने त्याची निवड करतात. या निवडीला ड्राफ्ट म्हणतात व तिच्या सात फेऱ्या असतात. ज्याचा क्रमांक वरचा त्याच्याकडून अपेक्षा मोठी. पहिला करार साधारण तीन वर्षांचा असतो. पुढे संघ त्याला ठेवतो, दुसऱ्या संघाशी अदलाबदल करतो किंवा सोडून देतो. येथे माणूस विकला जात नाही, त्याचा करार एका हातातून दुसऱ्या हातात जातो. मोबदल्यात दुसरा खेळाडू द्यावा लागतो किंवा पुढच्या ड्राफ्टमधील आपली पाळी द्यावी लागते. दुसरा कायदा पगाराच्या मर्यादेचा. मालकांनी टाळेबंदी केल्यामुळे २००४-०५ चा संपूर्ण हंगाम बुडाला आणि त्यानंतर ही मर्यादा आली. २००५-०६ मध्ये ती प्रत्येक संघाला ३ कोटी ९० लाख डॉलर होती, २०२५-२६ मध्ये ती ९ कोटी ५५ लाख डॉलरवर गेली. तिजोरी कितीही भरलेली असो, मर्यादेपलीकडे पगार देता येत नाही. म्हणून चांगला माल स्वस्तात मिळवणे हा येथे शौक नाही, गरज आहे.

आता मुद्दा असा की तरुण फॉरवर्ड स्वस्त का होतो? कापडाचा ताका दुकानात वर्षभर पडून राहिला तर अनुभवी गिऱ्हाईक तो पूर्ण उलगडून बघतो. बाहेरची घडी उन्हाने फिकी पडली असेल तर तेवढा भाग कापून टाकला की आतले कापड नवे निघते. दोष विणीचाच असेल तर तो पहिल्या मीटरपासून शेवटच्या मीटरपर्यंत चालत जातो. दुकानदार दोन्ही ताक्यांचा भाव एकच सांगतो. हॉकीच्या बाजारातही भाव बहुतेक एकाच आकड्यावरून, गोलांच्या संख्येवरून, पडतो. तो आकडा घडीचा डाग दाखवतो की विणीचा, हे ज्याला कळले त्याने कमावले.

व्हालेरी निचुश्किनचे उदाहरण घेऊ. हा रशियन, उंच आणि भक्कम बांध्याचा. डॅलसच्या संघाने २०१३ मध्ये त्याला दहाव्या क्रमांकावर घेतले. पहिल्याच हंगामात १४ गोल केले. नंतर कमरेच्या सांध्याच्या दुखापतीत जवळजवळ एक हंगाम गेला, मग दोन वर्षे तो रशियात जाऊन खेळला. परतल्यावर २०१८-१९ मध्ये ५७ सामने खेळला आणि गोल किती? शून्य. फॉरवर्डच्या खात्यात शून्य म्हणजे रंगाऱ्याच्या हौदातून पांढरेच कापड बाहेर यावे तसे. डॅलसने कराराचे एक वर्ष बाकी असताना भरपाई देऊन त्याला मोकळे केले. ऑगस्ट २०१९ मध्ये कोलोरॅडो संघाने त्याला एका वर्षासाठी साडेआठ लाख डॉलरवर घेतले. या लीगमध्ये हा जवळजवळ किमान पगारच.

कोलोरॅडोने काय पाहिले असेल? एक तर त्याला सामन्यात वेळच थोडा मिळत होता, साठ मिनिटांच्या खेळात बारा मिनिटांच्या आसपास. दुसरे, या लीगमध्ये निशाण्यावर गेलेल्या शंभर फटक्यांमागे सरासरी नऊ-दहा गोल होतात. हंगामभर एकही होऊ नये यात कसबाचा जसा भाग असतो तसा नशिबाचाही असतो, आणि नशिबाचा भाग पुढच्या वर्षी तसाच राहील असे नाही. तिसरे म्हणजे चकती हिसकावणे, मागे धावून आपला गोल वाचवणे, प्रतिस्पर्ध्याला कोपऱ्यात दाबून धरणे ही कामे तो करतच होता. ती गोलांच्या रकान्यात दिसत नाहीत, खेळ बघणाऱ्याला दिसतात. पुढच्या हंगामात त्याने १३ गोल केले. २०२१-२२ मध्ये २५ केले आणि त्याच वर्षी कोलोरॅडोने स्टॅनले कप जिंकला. (याच संघातील नाझिम कादरी, लेबनानी वंशाचे कॅनेडियन मुस्लिम, यांनी तो कप त्या उन्हाळ्यात आपल्या गावी, ऑन्टॅरिओतील लंडन शहराच्या मशिदीत नेला होता. आपल्या वाचकांना हे ठाऊक असावे म्हणून सांगितले.)

सॅम बेनेटची कथा वेगळी. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये चौथा क्रमांक, म्हणजे पहिल्या प्रतीचा माल. कॅल्गरीने त्याला कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला, बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या फळीत खेळवले. वर्षे गेली, आकडे वाढले नाहीत, मुलाने दुसरीकडे जाण्याची इच्छा उघड केली. एप्रिल २०२१ मध्ये फ्लोरिडाने त्याला घेतले. मोबदल्यात एमिल हाइनमन हा तरुण खेळाडू आणि दुसऱ्या फेरीतली एक पाळी दिली. त्या हंगामात कॅल्गरीसाठी ३८ सामन्यांत त्याचे ४ गोल होते. फ्लोरिडात दहा सामन्यांत ६ झाले. दोन-चार दिवसांत मुलगा बदलत नाही, जागा बदलली होती. तेथे त्याला मध्यभागी, चांगल्या साथीदारांबरोबर उभे केले. भिवंडी-मालेगावच्या कारखानदारांना हे समजावे लागू नये. बॉबिन भरण्यावर ठेवलेल्या पोराने मागावर किती मीटर कापड काढले, असा हिशोब कोणी विचारत नाही. पण हॉकीतले मोठमोठे जाणकार असा हिशोब वर्षानुवर्षे विचारत होते. फ्लोरिडाने २०२४ व २०२५ असा दोनदा कप जिंकला आणि २०२५ च्या अंतिम फेऱ्यांत १५ गोल करून बेनेट सर्वोत्तम खेळाडू ठरला.

फ्लोरिडाच्या याच पेढीने आणखी एक सौदा केला होता. टॅम्पा संघाने २०२० मध्ये कप जिंकला, पण पगाराची मर्यादा गळ्यापर्यंत आली. कार्टर व्हरहेगी नावाचा २५ वर्षांचा फॉरवर्ड त्यांच्याकडे ५२ सामन्यांत ९ गोल करून होता, त्याचा हक्क त्यांनी सोडून दिला. फ्लोरिडाने त्याला वर्षाला दहा लाख डॉलरप्रमाणे दोन वर्षांसाठी घेतले. २०२२-२३ मध्ये त्याने ४२ गोल केले. येथे मालात ऐब नव्हताच, अडचण विकणाऱ्याची होती.

विकणाऱ्याच्या मजबुरीचा फायदा घेणे आपल्या दीनात पसंत केलेले नाही, मग याला काय म्हणावे, असे कोणी विचारील. आम्हांला वाटते, भुकेने किंवा कर्जाने गांजलेल्या माणसाचा माल पाडून मागणे वेगळे, आणि दोन श्रीमंत संघांनी एकाच नियमाखाली उघड हिशोब करणे वेगळे. येथे खेळाडूचा सारा हिशोब, सामना न् सामना, दोघांपुढे उघडा असतो. खेळातला ऐब झाकून विकण्याला जागा थोडीच. आणि ज्याचे नुकसान होईल अशी भीती, त्या तरुणाला तर काम मिळाले.

हा प्रकार पगाराच्या मर्यादेच्याही आधीचा आहे. जून १९८६ मध्ये व्हँकुव्हरने कॅम नीली हा २१ वर्षांचा फॉरवर्ड बॉस्टनला दिला आणि वर पहिल्या फेरीतली पाळीही दिली. बदल्यात घेतला बॅरी पेडरसन, ज्याचे नाव मोठे होते पण चांगले हंगाम मागे पडले होते. व्हँकुव्हरमध्ये उजव्या बाजूला नीलीच्या पुढे जुने खेळाडू बसलेले, म्हणून त्याचे आधीच्या वर्षीचे गोल १४. बॉस्टनमध्ये पहिल्याच वर्षी ३६. त्याच व्हँकुव्हरने दहा वर्षांनी, मार्च १९९६ मध्ये, पिट्सबर्गकडून मार्कस नॅसलंडला घेतले. दिला तो अ‍ॅलेक स्टोयानोव्ह, ज्याने नव्या संघासाठी ४५ सामन्यांत २ गोल केले. नॅसलंडने मात्र लगेच काही करून दाखवले नाही. ३६ गोलांचा हंगाम १९९८-९९ मध्ये आला, ४८ गोलांचा २००२-०३ मध्ये. घेणाऱ्याजवळ सबुरी नसती तर हा सौदाही वाया गेलेल्यांत मोजला असता.

आता उलट बाजू. ती सांगितली नाही तर हा लेख लॉटरीच्या जाहिरातीसारखा होईल. नाइल याकुपोव्ह, तातारस्तानच्या निझ्नेकाम्स्क शहरातला तातार मुस्लिम तरुण. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये एडमंटनने त्याला सर्वांत पहिला निवडला. पहिल्या, अर्ध्या झालेल्या हंगामात ४८ सामन्यांत १७ गोल, सगळीकडे वाहवा. पण त्याचे शंभरातले वीसहून अधिक फटके गोलात गेले होते, आणि एवढे प्रमाण कोणाचेच टिकत नाही. निचुश्किनच्या वाट्याला नशीब उणे आले होते, याच्या वाट्याला ते जास्त आले होते. पुढच्या वर्षी ११ गोल, मग १४, मग ८. ऑक्टोबर २०१६ मध्ये सेंट लुइसने त्याला एका नवख्या खेळाडूच्या आणि तिसऱ्या फेरीतल्या एका सशर्त पाळीच्या बदल्यात घेतले. ४० सामन्यांत ३ गोल. मग कोलोरॅडोने एक वर्ष पाहिले, ९ गोल. २०१८ मध्ये तो रशियाला परतला. निचुश्किनने कोलोरॅडोत नाव काढले ते त्याच्या पुढच्याच वर्षापासून. संघ तोच, दोन्ही सौद्यांची रक्कमही जवळपास सारखीच.

फरक आम्हांला असा दिसतो. निचुश्किनजवळ गोलाशिवायचे काम होते, याकुपोव्हजवळ गोलाशिवाय फारसे काही नव्हते. फळीत खाली बसवल्यावर पहिला उपयोगी राहिला, दुसरा राहिला नाही. म्हणून पडलेला फॉरवर्ड घेताना जाणते लोक वय बघतात (पंचविशीच्या आतबाहेरचा असावा, कारण फॉरवर्डचे उत्तम दिवस तेथेच असतात), त्याला किती मिनिटे व कोणाबरोबर मिळाली ते बघतात, आणि गोल आटले असताना तो बाकी काय करत होता हे बघतात. ड्राफ्टचा जुना क्रमांक मात्र फार बघू नये. तो कारखान्याचा शिक्का आहे, एवढेच.

आणि सेंट लुइसचे नुकसान तरी किती झाले? फारच थोडे. मोबदला किरकोळ, करार आखूड, माणूस गेला तर जागा मोकळी. असे चार सौदे बुडाले आणि एक बेनेट निघाला तरी वर्ष निघून जाते. जिंकलेल्यांपेक्षा या बुडालेल्या सौद्यांची रचनाच आम्हांला जास्त शिकण्यासारखी वाटते. जोखीम खरी वाढते ती माल चांगला निघाल्यावर. निचुश्किनला २०२२ मध्ये आठ वर्षांसाठी ४ कोटी ९० लाख डॉलर द्यावे लागले, आणि मे २०२४ मध्ये खेळाडू-साहाय्य योजनेखाली त्याला किमान सहा महिने निलंबित करण्यात आले. बेनेटला २०२५ मध्ये आठ वर्षांसाठी ६ कोटी ४० लाख ठरले. त्या वेळी तो २९ वर्षांचा होता, आणि ती किंमत कोणत्याही हिशोबाने स्वस्त नव्हती.