सर्पगंधा आणि सशाचे कान

१९५७ साली स्वीडनमधील लुंड येथे आर्विद कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांना रिसर्पिन टोचले. ससे मलूल झाले, जागचे हलेनात, त्यांचे कान खाली पडले. मग ‘डोपा’ नावाचे द्रव्य टोचताच थोड्याच वेळात ससे उठले आणि कान पुन्हा उभे राहिले!

रिसर्पिन हे आपल्याकडच्या सर्पगंधेच्या मुळातले अल्कलॉइड, म्हणजे कॅफीन, निकोटीन, क्विनीन यांच्यासारखे वनस्पतीतील नायट्रोजनयुक्त द्रव्य. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे रुग्णांवरील निरीक्षणांतून दाखवले. त्यानंतर १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये रिसर्पिन शुद्ध रूपात वेगळे केले गेले.

पण ते मेंदूत करते काय? चेतापेशीच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्या असतात. डोपामिन, नॉरअॅड्रिनॅलिन, सेरोटोनिन ही संदेशवाहक रसायने त्यांत साठवलेली असतात. पिशवीत हा माल भरणारे एक प्रथिन असते. रिसर्पिन नेमके तेच बंद पाडते. बाहेर उरलेला माल विकरे नष्ट करतात आणि कोठार रिकामे होते.

आता खरी अडचण. कोठारे तर तिन्ही रिकामी झाली. मग ससा मलूल झाला तो कशाच्या अभावी? पुष्कळांचा संशय सेरोटोनिनवर होता. डोपामिनला तर कोणी विचारतच नव्हते. नॉरअॅड्रिनॅलिन तयार होतानाची ती केवळ एक पायरी, असा समज होता. कार्लसन यांनी सेरोटोनिनचा कच्चा माल देऊन पाहिला. ससे उठले नाहीत. डोपाने उठले. पण डोपापासून आधी डोपामिन आणि त्यापासून नॉरअॅड्रिनॅलिन बनते, तेव्हा श्रेय कोणाचे? मेंदू तपासला तर नॉरअॅड्रिनॅलिन भरून आलेलेच नव्हते! १९५८ मध्ये डोपामिन मोजण्याची रीत बसवल्यावर दिसले, की भरून आले होते ते डोपामिन.

(वर्गात हा प्रयोग जरूर सांगावा. एखादी चुणचुणीत मुलगी विचारीलच, “सर, मग सरळ डोपामिनच का नाही टोचले?” कारण रक्तातले डोपामिन मेंदूत शिरू शकत नाही, डोपा शिरते.)

रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांत कंपवातासारखी लक्षणे दिसत. तो धागा धरून १९६० साली व्हिएन्नात हर्बर्ट एरिंगर आणि ओलेह हॉर्निकिविच यांनी कंपवाताने मृत्यू पावलेल्यांचे मेंदू तपासले. हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागात डोपामिन फारच थोडे उरले होते. पुढच्याच वर्षी रुग्णांना डोपा देऊन पाहण्यात आले. आजही त्या रोगावरचे मुख्य औषध तेच आहे.