स्वच्छ ऊर्जा उपकर

स्वच्छ ऊर्जा उपकर हा भारत सरकारने दगडी कोळसा, लिग्नाइट व पीट या इंधनांवर १ जुलै २०१० पासून बसवलेला उपकर होता. तो देशात काढलेल्या आणि आयात केलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या इंधनांना लागू होता व त्याची आकारणी वजनावर, म्हणजे दर टनामागे ठरावीक रुपये अशी होत असे. २०१६ साली त्याचे नाव ‘स्वच्छ पर्यावरण उपकर’ असे झाले. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर (जीएसटी) लागू होताना तो रद्द करण्यात आला. भारताने कार्बनवर अप्रत्यक्ष रीतीने बसवलेला कर म्हणून पर्यावरणीय अर्थशास्त्रात त्याचा अभ्यास केला जातो.

आर्थिक तत्त्व

कोळसा जाळल्याने धूर, राख, गंधकाची संयुगे व कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतात. त्यांमुळे होणारी आरोग्याची व हवामानाची हानी समाजाला सोसावी लागते. परंतु ती कोळशाच्या बाजारभावात धरलेली नसते. अशा हानीस अर्थशास्त्रात ‘बाह्य परिणाम’ म्हणतात. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात बाह्य परिणामांचे विवेचन केले. हानीइतका कर बसवल्यास वस्तूची किंमत तिच्या खऱ्या सामाजिक खर्चाशी जुळते, हा विचार त्यातून पुढे आला. अशा करास ‘पिगू कर’ म्हणतात. ‘प्रदूषण करणाऱ्याने मोल द्यावे’ हे धोरणसूत्र त्याच्याशी सुसंगत आहे.

दरांतील बदल

तत्कालीन अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी २६ फेब्रुवारी २०१० रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पात हा उपकर प्रस्तावित केला. पुढे अरुण जेटली यांच्या कार्यकाळात दर तीनदा दुप्पट झाला.

* २०१० : टनामागे ₹५०
* २०१४ : टनामागे ₹१००
* २०१५ : टनामागे ₹२००
* २०१६ : टनामागे ₹४००

एक युनिट वीज निर्माण करण्यास साधारणपणे ६५० ग्रॅम भारतीय कोळसा लागतो असे धरल्यास, ₹५० दराने युनिटमागे सुमारे सव्वातीन पैसे, तर ₹४०० दराने सुमारे २६ पैसे इतका भार पडतो. एक टन कोळशापासून सुमारे १.६ टन कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो, असे मानल्यास ₹४०० चा उपकर म्हणजे टनभर कार्बन डायऑक्साइडवर सुमारे ₹२५० चा कर होय. २०१५ साली भारताने संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या हवामानविषयक उद्दिष्टांच्या निवेदनात या उपकराचा उल्लेख होता.

निधीचा विनियोग

उपकराच्या उत्पन्नातून अपारंपरिक ऊर्जा व संशोधन यांना साहाय्य करण्यासाठी ‘राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी’ स्थापन करण्यात आला. प्रकल्पाच्या एकूण खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत साहाय्य देण्याची तरतूद होती. पुढे निधीच्या नावात ‘पर्यावरण’ हा शब्द जोडला गेला आणि गंगा शुद्धीकरणासारखी कामेही त्याच्या कक्षेत आली.

२०१०-११ ते २०१७-१८ या काळात उपकरापोटी सुमारे ₹८६,४४० कोटी जमा झाले. त्यांपैकी सुमारे ₹२९,६४५ कोटी निधीकडे वर्ग झाले आणि सुमारे ₹१५,९११ कोटी प्रत्यक्ष वापरले गेले. म्हणजे जमा रकमेच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी रक्कम मूळ उद्देशासाठी खर्च झाली.

परिणाम व टीका

करामुळे किंमत वाढली की वापर कमी व्हावा, ही अपेक्षा वीजक्षेत्रात पूर्णपणे लागू पडत नाही. वीज खरेदीच्या दीर्घ मुदतीच्या करारांत नव्या कराचा भार ‘कायद्यातील बदल’ या कलमाखाली वितरण कंपनीवर व अखेरीस ग्राहकावर टाकता येतो. त्यामुळे वीजनिर्मिती कंपनीला कोळसा सोडण्याचे प्रलोभन फारसे उरत नाही. चंद्रपूर व कोराडी येथील केंद्रांसारखी औष्णिक केंद्रे अल्पकाळात अन्य इंधनाकडे वळूही शकत नाहीत.

दुसरा आक्षेप संघराज्यीय स्वरूपाचा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७० नुसार उपकराचे उत्पन्न केंद्र व राज्ये यांच्यात वाटल्या जाणाऱ्या करांत मोडत नाही. त्यामुळे खाणींची झळ सोसणाऱ्या प्रदेशांना या उत्पन्नात आपोआप वाटा मिळत नव्हता.

वजनावरील आकारणीचा मात्र एक गुण होता. निकृष्ट, जास्त राखेच्या कोळशातून टनामागे कमी उष्णता मिळते. त्यामुळे तेवढ्याच ऊर्जेसाठी त्यावर अधिक उपकर पडत असे.

वस्तू व सेवा करानंतर

२०१७ मध्ये उपकर रद्द झाला, तरी कोळशावर टनामागे ₹४०० एवढाच ‘भरपाई उपकर’ बसवण्यात आला. ग्राहकावरील बोजा कायम राहिला, पण उद्देश बदलला. हे उत्पन्न आता राज्यांना महसुली तुटीची भरपाई देण्यासाठी व पुढे त्यासाठी काढलेल्या कर्जाच्या परतफेडीसाठी वापरले जाऊ लागले.

२२ सप्टेंबर २०२५ पासून कोळशावरील भरपाई उपकर काढून टाकण्यात आला आणि वस्तू व सेवा कराचा दर ५ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला. यामुळे आकारणी वजनावरून किमतीवर आली. ₹१,००० किमतीच्या टनभर कोळशावर पूर्वी ₹४५० कर पडे, तो ₹१८० झाला. ₹४,००० किमतीच्या कोळशावरील कर ₹६०० वरून ₹७२० झाला. स्वस्त, हलक्या प्रतीच्या कोळशावरील भार असा कमी झाला. विजेवर वस्तू व सेवा कर नसल्याने वीजनिर्मिती कंपन्यांना कोळशावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो विजेच्या खर्चातच मिळतो.

सद्यकालीन संदर्भ

युरोपीय संघाच्या सीमेवरील कार्बन आकारणीत निर्यातदार देशात प्रत्यक्ष भरलेल्या कार्बन-किमतीची वजावट देण्याची तरतूद आहे. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट यांसारख्या वस्तू या आकारणीच्या कक्षेत येतात. त्यामुळे सामान्य महसुलासाठी घेतलेला कर आणि उत्सर्जनावर बसवलेला कर यांतील भेदास व्यापारी महत्त्व आले आहे. भारताने २०२३ साली अधिसूचित केलेली कार्बन क्रेडिट व्यापार योजना ही उत्सर्जनाला किंमत लावण्याची निराळी पद्धत आहे. तीत कर न बसवता उत्पादनाच्या प्रमाणात उत्सर्जनाचे लक्ष्य ठरवून दिले जाते.