भरतीच्या वेळापत्रकावर चालणारी सुट्टी

सान सेबास्तियनच्या ला कोंचा किनाऱ्यावर आज किती वाळू मोकळी मिळणार, हे चंद्र ठरवतो. स्पेनच्या उत्तरेला, बिस्केच्या उपसागरावर, फ्रान्सच्या सीमेपासून जेमतेम वीस किलोमीटरवर हे बास्क शहर आहे. बास्क भाषेत त्याला दोनोस्तिया म्हणतात. इथे उधाणाच्या दिवसांत पाणी चार मीटरहून अधिक वरखाली होतं. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण कोकणातल्या माणसाला नवं नाही. मार्चमध्ये, वसंतसंपाताच्या सुमाराला, त्याला आणखी जोर चढतो. सूर्य विषुववृत्तावर आलेला असतो आणि त्याची व चंद्राची ओढ एकत्र येऊन वर्षातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी काही याच दिवसांत येतात. सकाळी लाटा ज्या भिंतीवर आपटत होत्या, तिच्यासमोर दुपारी रुंद, ओली, कडक वाळू पसरलेली असते.

या वाळूवर शाळांचे फुटबॉल सामने होतात. ओहोटीची वेळ पाहून वेळापत्रक ठरतं, पाणी मागे सरकलं की मैदानं आखली जातात. पुढे नावाजलेले फुटबॉलपटू शाबी आलोन्सो आणि मिकेल आर्तेता लहानपणी इथेच खेळले.

सान सेबास्तियनला वसंतात जावं ते यासाठी. जुलै-ऑगस्टमध्ये किनारा पाहुण्यांचा असतो. एप्रिल-मेमध्ये तो गावकऱ्यांचा असतो. आजोबा अनवाणी पायांनी पाण्याच्या कडेकडेने फेरी मारतात, ऑफिस सुटल्यावर माणसं कुत्र्यांना घेऊन बाहेर पडतात आणि पाहुणाही त्यांच्यात सहज मिसळून जातो.

गावाने समुद्राकडे तोंड वळवलं, त्यामागे मोठी उलथापालथ आहे. ३१ ऑगस्ट १८१३ रोजी नेपोलियनच्या फौजेकडून शहर जिंकून घेताना इंग्रज-पोर्तुगीज सैन्याने ते लुटलं आणि जाळलं. वाचलेल्या थोड्या घरांची गल्ली आजही त्या तारखेच्या नावाने ओळखली जाते. पुढे १८४५ मध्ये राणी इसाबेल दुसरी त्वचेच्या विकारावर वैद्यांच्या सल्ल्याने इथे समुद्रस्नानाला आली आणि दरबारी मंडळींचे पाय इकडे वळले. १८६३ मध्ये तटबंदी पाडायला सुरुवात झाली आणि सरळ, रुंद रस्त्यांचं नवं शहर उपसागराच्या काठाने वाढलं. राणी मारिया क्रिस्तिनासाठी १८९३ मध्ये बांधलेला मिरामार राजवाडा ला कोंचा आणि ओंदारेता या दोन किनाऱ्यांमधल्या खडकावर उभा आहे. पूर्ण ओहोटीला त्याच्या पायथ्याशी एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर वाळूतून चालत जाता येतं. आता राजवाड्याची बाग सर्वांना खुली आहे.

हवेबद्दल आधीच स्पष्ट असलेलं बरं. हा भूमध्य समुद्र नाही, अटलांटिक आहे. एप्रिलमध्ये पाणी तेरा-चौदा अंशांच्या आसपास असतं आणि वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. भुरभुर कधीही सुरू होते, तासाभरात ऊन पडतं. दिवसभर पोहत राहण्याची ही सुट्टी नव्हे. चालावं, बसावं, खावं, पुन्हा चालावं, अशी ती आहे. तरी पाण्यात उतरायचंच असेल, तर किनाऱ्यावरच्या ‘ला पेर्ला’ या १९१२ च्या स्नानगृहात समुद्राचं कोमट केलेलं पाणी मिळतं. नदीपलीकडच्या सुर्रिओला किनाऱ्यावर वेटसूट चढवलेले सर्फर बारा महिने लाटांवर असतात.

चालायचं तर पश्चिमेकडे, ओंदारेताच्या टोकापर्यंत. तिथे इगेल्दो डोंगराच्या पायथ्याशी, खडकांत रोवलेले तीन प्रचंड लोखंडी आकडे वाऱ्याला सामोरे उभे आहेत. एदुआर्दो चियिदाचं हे ‘वाऱ्याचा कंगवा’ शिल्प १९७७ पासून इथे आहे. चियिदा याच गावचा. तरुणपणी तो रेआल सोसिएदाद संघाचा गोलरक्षक होता. शिल्पासमोरच्या दगडी चौकाला भोकं ठेवली आहेत. खालून मोठी लाट शिरली की त्यांतून हवा आणि पाणी गर्जत वर उसळतं. जवळूनच १९१२ ची फ्युनिक्युलर रेल्वे डोंगरावर नेते. वरून दोन डोंगरांमधला अर्धगोल उपसागर आणि मधलं सांता क्लारा बेट एका नजरेत येतं.

संध्याकाळ मात्र जुन्या शहराच्या गल्ल्यांची. इथे एका जागी बसून जेवायचं नसतं. एका बारमध्ये एक पिंचो, म्हणजे छोटासा घास, एक छोटा पेला, आणि पुढचा बार. ऑलिव्ह, खारवलेली अँचोवी आणि लोणच्याची हिरवी मिरची काडीला टोचून केलेला ‘गिल्डा’ हा त्यातला मानाचा पदार्थ. १९४६ च्या रिटा हेवर्थच्या चित्रपटावरून त्याचं नाव पडलं. काउंटरवर मांडलेलं उचलावंच, पण गरम पदार्थ फळ्यावर लिहिलेले असतात, ते मागून घ्यावेत. वसंतात तिथे खास माल येतो: कांताब्रिया समुद्रातली ताजी अँचोवी, अंड्यात परतलेली पेरेचिको अळंबी, आणि गेतारियाच्या बाजूचे कोवळे, इवलेसे मटार. मांस-मासे न खाणाऱ्यांचंही त्यामुळे बरं भागतं. शेवटी ‘ला विन्या’ बारमधला, वरून काळपट भाजलेला चीजकेक. जगभर पसरलेल्या बास्क चीजकेकचं मूळ हेच.

काही किलोमीटरवरच्या आस्तिगारागा गावात सायडरचा हंगामही याच दिवसांत संपत येतो. शरद ऋतूत सफरचंदं पिळली जातात, रस हिवाळाभर भल्यामोठ्या पिंपांत आंबतो आणि जानेवारीच्या मध्यापासून तो चाखायला खुला होतो. पूर्वी गिऱ्हाईक पिंप निवडण्याआधी चव घ्यायला येई आणि सोबत खायलाही आणी. त्यातून आजची पंगत घडली. ‘चोच!’ ही बास्क आरोळी झाली की सगळे जेवण सोडून पिंपाकडे जातात. तोटीतून सुटलेली बारीक धार तिरप्या पेल्यात दुरून झेलायची, म्हणजे फेस येतो. दोन बोटं भरली की मागच्याला जागा द्यायची. ताटात खारवलेल्या कॉड माशाचं ऑम्लेट, निखाऱ्यावर भाजलेली गोमांसाची जाड चाप, आणि शेवटी इदियासाबाल चीज, अक्रोड व क्विन्स फळाची वडी.

भारतीय प्रवाशाला शेंगेन व्हिसा लागतो. बिल्बाओ विमानतळावरून थेट बस सव्वा तासात पोहोचवते, आणि गावात गाडीची गरज नाही. ईस्टरच्या आठवड्यात गर्दी आणि खोल्यांचे दर दोन्ही चढतात, म्हणून तो टाळावा. सायडरघर बघायचं असेल तर एप्रिल उलटण्याआधी जावं, कारण त्यानंतर पिंपांतला माल बाटल्यांत जातो आणि बरीच घरं पुढच्या जानेवारीपर्यंत पंगती थांबवतात. ऊन अधिक हवं असेल तर मे बरा. हॉटेल ठरवण्याआधी भरतीचं कोष्टक पाहून घ्यावं, आणि दुपारची ओहोटी असलेले दिवस निवडावेत.